तगाई : आणे पठारावरून मागे पाहताना

आळेफाट्याहून नगरच्या दिशेने निघाल्यावर बेल्हे मागे पडते, आणे घाटाची चढण संपते आणि शिवाराचा रंग बदलतो. खाली कुकडीच्या कालव्यांवर वाढलेला ऊस. वर पठारावर पावसाच्या भरवशावरची बाजरी. या पठारावरच्या पात्र खातेदारांच्या बँक खात्यातही आज केंद्राच्या सन्मान निधीचे २,००० रुपये वर्षातून तीनदा जमा होतात. राज्याने २०२३ मध्ये तेवढीच भर घातली. ही रीत नवी भासते. पण सरकारने शेतकऱ्याच्या हाती पैसा देण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. तिचे नाव तगाई.

शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ बळ देणे.

याच जुन्नरच्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांचे ५ सप्टेंबर १६७६ चे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते कोकणातील प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले आहे. आज्ञा अशी की, गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, कोणाकडे किती माणूसबळ आहे ते पाहावे. माणसे आहेत पण बैल, नांगर, पोटाला दाणा नाही, अशास बैलांसाठी रोख द्यावी, खाण्यासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे आणि त्याच्याने होईल तेवढी जमीन करवावी. वसुली केवळ मुद्दलाची, वाढीदिढी न लावता, तीही त्याला ताकद आल्यावर हळूहळू. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्चाची तयारी पत्रात दिसते. यात भूतदया आहेच, पण हिशेबही आहे : पडीक जमीन सारा देत नाही.

इंग्रजी अमदानीत हिशेब उरला. रोखीचा ठरावीक सारा भरण्यासाठी रयत सावकाराच्या दारी गेली आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे तिचा संताप फुटला. कर्जरोखे जाळण्याचे ते लोण आसपासच्या गावांत पसरले. चौकशी आयोग नेमला गेला, १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पाठोपाठ तगाईचे दोन कायदे झाले : १८८३ चा विहिरी-बांधांसारख्या जमीन सुधारणेसाठी, १८८४ चा बी-बियाणे, जनावरे आणि संकटनिवारणासाठी. दोन्हींत व्याज होते आणि थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद होती. म्हणजे धनको आणि सारा घेणारा एकच! अर्ज, चौकशी, तारण या फेऱ्यांपेक्षा अनेकांना दाराशी बसलेला सावकारच सोयीचा वाटला, यात मला तरी नवल वाटत नाही.

आजच्या निधीला परतफेड नाही, हा मोठा फरक. परंतु आणखी एक फरक सहसा कोणी सांगत नाही. १६७६ च्या पत्रातला प्रश्न होता, ‘तुझ्याकडे बैल आहे का?’ आजचा प्रश्न आहे, ‘सातबाऱ्यावर तुझे नाव आहे का?’ केंद्राच्या योजनेत जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली गेली; वारसाहक्क सोडला तर त्यानंतर जमीन घेतलेला खातेदार बाहेर. दुसऱ्याचे रान वाट्याने करणारा तर आरंभापासूनच बाहेर. रामाजी अनंताच्या यादीत मात्र त्याचे घर मोजले गेले असते.