चढणे आणि चढाई

जुलैचा पाऊस लागला की शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी एक प्रश्न हमखास कानावर येतो: "औंदा गड चढाय येतोस न्हवं?" पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेचे दिवस असतात ते. हा प्रश्न मलाही विचारला जातो. पण गेल्या काही दिवसांत त्यातल्या 'चढणे' या शब्दापाशीच मी अडखळतो.

आपल्या बोलण्यात हा शब्द किती ठिकाणी येतो! घाट चढतो, ताप चढतो, सोन्याचा भाव चढतो, भांडणात आवाज चढतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. पण आपल्या पोरांनी शाळेची पायरी चढावी म्हणून शाहू महाराजांनी पुढाकार घेतला आणि १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. उरसाला आपण दर्ग्यावर गलेफ चढवतो. 'मेराज' या अरबी शब्दाचा मूळ अर्थही शिडी, वर चढण्याचं साधन.

याच शब्दाच्या घरातली 'चढाई' मात्र वेगळी. कबड्डीत ती खेळ असते. इतिहासात ती हल्ला असते.

विशाळगडाच्या वाटेवर हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. मार्च १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. जुलैत, भर पावसात, शिवाजी महाराज रात्री निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. मागे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे गजापूरच्या घोडखिंडीत उभे ठाकले. तीच आजची पावनखिंड. महाराज गड चढेपर्यंत शत्रूला अडवायचं, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी जीव देऊन केलं.

या कथेतला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. विशाळगडाच्या पायथ्यालाही आदिलशाहीच्या बाजूने वेढा पडला होता. तो घालणारे होते सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी, दोघेही मराठा सरदार. तो वेढा फोडूनच महाराज वर गेले. म्हणजे त्या लढाईतल्या बाजू धर्मावरून ठरल्या नव्हत्या. कोण कोणाची चाकरी करतो, यावरून ठरल्या होत्या.

गडावर मलिक रेहान बाबांचा दर्गा आहे. पिढ्यान् पिढ्या हिंदू-मुसलमान दोघेही तो डोंगर चढून नवस फेडत आले.

१४ जुलै २०२४ ला याच वाटेवर, गडाच्या अलीकडे, गजापुरात जमाव घुसला. गडावरच्या अतिक्रमणाचं निमित्त होतं. फुटली ती खालच्या गावातली मुसलमानांची घरं, गाड्या आणि मशीद. अतिक्रमण असेल तर त्याचा निवाडा कायद्याने व्हावा, याला कोणाचाच नकार नाही. पण ज्यांच्या दारात जमाव गेला, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनी कुठला गड अडवला होता?

ज्या खिंडीत काही माणसांनी दुसऱ्याला सुखरूप वर जाता यावं म्हणून प्राण दिले, तिच्याच शेजारी चढणं सोडून चढाई झाली. मला सलतं ते हे.

म्हणून यंदा चौकात कोणी विचारलं तर मी हो म्हणणार आहे. गड चढू, खिंडीत डोकं टेकवू. फक्त एक अट घालीन: वाटेत गजापुरात थांबायचं, आणि तिथल्या एखाद्या घरी चहा प्यायचा.