दोन बाजूंचे गाणे

३. 'दोन बाजूंचे गाणे' म्हणजे बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाने ६ जुलै १९३७ रोजी हॉलिवूडमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेले 'सिंग, सिंग, सिंग'. मूळ गाणे लुई प्रीमाचे, १९३६ चे. जिमी मंडीने वाद्यरचना करताना त्यातले शब्द गाळले. त्या काळी दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनाही राग याच मापात बसवावा लागला. गुडमनची ही रचना पावणेनऊ मिनिटांच्या आसपास जाते. म्हणून बारा इंची तबकडी घेतली आणि तिच्या दोन्ही बाजूंवर ती विभागली. तेव्हा चुंबकीय फीत वापरात नव्हती. मुद्रण थेट मेणाच्या चकतीवर कोरले जाई, त्यामुळे शेवटच्या सुरात कोणी चुकले तर जोडकाम अशक्य. ती अख्खी बाजू पुन्हा वाजवायची. जीन क्रुपाचे टॉमटॉम ढोल ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

लेखकाने याच तबकडीत जेस स्टेसीच्या गाजलेल्या पियानोवादनाचा उल्लेख केला आहे. ती चूक आहे, आणि ती पुष्कळांची होते. ते वादन १६ जानेवारी १९३८ च्या कार्नेगी हॉलमधील मैफलीतले. त्या मैफलीचे मुद्रण १९५० मध्ये बाजारात आले. मूळ मजकूर आम्ही बदललेला नाही.

— संपादक