जे. जे.मधील कलाशाखांची जडणघडण

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार, शिल्पकार की जाहिरातचित्रकार यांपैकी काय व्हायचे हे विद्यार्थी स्वतः ठरवत असला, तरी त्याच्यापुढे कोणत्या शाखा असाव्यात हे बऱ्याच अंशी त्या-त्या काळातल्या कामांच्या मागणीने ठरवले. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी १८५३ मध्ये संस्थेसाठी एक लाख रुपये देऊ केले, त्यामागे इथल्या कारागिरीला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळावी हा हेतू होता. वर्ग १८५७ मध्ये सुरू झाले.

किल्ल्याची तटबंदी पाडून मुंबईत भव्य सरकारी इमारती उभ्या राहू लागल्या, तसे कोरीवकाम आणि सजावट जाणणारे हात हवे झाले. म्हणून १८६६ च्या सुमारास शोभाचित्रण, प्रतिमाघडण आणि लोखंडी नक्षीकाम अशा तीन कार्यशाळा निघाल्या. पहिली जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती, दुसरी जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पे किपलिंग यांची. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या शोभाकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. ब्रिटिश धर्तीच्या अभ्यासक्रमात भारतीय परंपरेशी विद्यार्थ्यांची इतकी जवळची गाठ पडणे ही मोठी गोष्ट होती.

१८९१ मध्ये हस्तकलांसाठी लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स उघडल्या. शाळांमध्ये चित्रकला शिरल्यावर ड्रॉइंग मास्तर लागू लागले आणि १८९३ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमुळे गावोगावी परिचित झालेला हा शिक्षक जे. जे.च्या इतिहासात फारसा गौरवला जात नाही, पण कलेची पहिली ओळख अनेकांना त्यानेच करून दिली.

जाहिरातीचे काम शाखा होण्याआधीपासून चालू होते. जे. जे.मध्ये शिकून तिथेच शिकवणारे एम. व्ही. धुरंधर पोस्टकार्डे, पोस्टर आणि पुस्तकांची चित्रे काढत. छपाई आणि जाहिरात-व्यवसाय वाढला, तेव्हा १९३५ मध्ये कमर्शिअल आर्टचा स्वतंत्र विभाग झाला. पोटापाण्याची चिंता असलेल्या मराठी घरांना ही वाट जवळची वाटली, यात नवल नाही. पुढे संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी याच विभागाचे विद्यार्थी.

ड्राफ्ट्समनच्या वर्गातून वास्तुकलेचा अभ्यासक्रम आकाराला आला होता. १९५८ मध्ये वास्तुकला आणि उपयोजित कला यांच्या वेगळ्या संस्था झाल्या. औद्योगिक डिझाइनचे शिक्षण मात्र दुसरीकडे वाढले: अहमदाबादला १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था आली आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत आयडीसी. जे. जे.त १९८१ पर्यंत शासनाची जी. डी. आर्ट ही पदविका मिळे. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाशी संलग्नता मिळून पदवीचा मार्ग खुला झाला. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा कला, वास्तुकला आणि डिझाइन ही तिन्ही क्षेत्रे एका नावाखाली आली.