मुलं झोपतात, तुम्ही जागता

तुमच्या हातात मोजपट्टी आहे आणि समोर स्टुलावर दहा वर्षांचा एक मुलगा, रात्रीच्या पायजम्यात. 1976चा जुलै. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. सुट्टीमुळे वसतिगृह रिकामं झालंय आणि तिथल्या खोल्या सध्या लहान मुलांच्या झोपेसाठी राखून ठेवल्यात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत तुम्ही पट्टी धरता, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि मेणाच्या पेन्सिलीने खुणा करता. केस बाजूला सारून तेवढीच कातडी अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसायची. तिथे इलेक्ट्रोडची चकती ठेवायची, वर कलोडियन या चिकट द्रवात भिजवलेला जाळीच्या कापडाचा तुकडा, आणि हवेच्या नळीने तो वाळवायचा. खोलीभर नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाचा वास भरलाय. मग बोथट सुईने चकतीच्या भोकातून जेली आत सोडायची. डोकं झालं की डोळ्यांच्या कडा, शेवटी हनुवटी.

"यातून मला शॉक बसेल का?" मुलगा विचारतो.

"नाही रे. यातून तुझ्याकडे काहीच येत नाही. तुझ्याकडचं तेवढं कागदावर जातं."

त्याचे खांदे सैल होतात. चकती किती घट्ट बसली याइतकंच हेही महत्त्वाचं आहे, कारण घाबरलेलं मूल झोपत नाही आणि न झोपलेल्या मुलाच्या झोपेची नोंद होत नाही. संशोधन सहायकाच्या कामात हात आणि जीभ दोन्ही मऊ लागतात.

बाहेरच्या खोलीत मंगळाचा विषय चाललाय. याच महिन्यात, 20 तारखेला, व्हायकिंग 1 तिथे उतरलं. माणसाचं यंत्र मंगळाच्या मातीवर पोचलं, पण तेरा वर्षांच्या मुलाला किती झोप लागते याचं पक्कं उत्तर अजून नाही. सगळ्यांची एक ठाम समजूत मात्र आहे. बाळ दिवसभर झोपतं, शाळकरी मूल त्याहून कमी, मोठी माणसं आणखी कमी. तेव्हा वय वाढेल तशी झोपेची गरज वर्षागणिक घटत जात असणार. ही समजूत तपासायला मेरी कारस्केडन नावाच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने हे शिबिर मांडलंय, विल्यम डिमेंट यांच्या मार्गदर्शनाखाली. दहा, अकरा, बारा वर्षांची मुलं आत्ता यायची आणि तीच मुलं पुढच्या उन्हाळ्यात परत, त्याच्या पुढच्याही. रात्री दहा ते सकाळी आठ अंथरुणात, म्हणजे सगळ्यांना सारखे दहा तास. दरवर्षी कोण किती कमी झोपतो ते पाहायचं.

तुम्ही जवळपास पन्नास वर्षं पुढून आलात, तुम्हाला उत्तर ठाऊक आहे. तरी तोंड उघडायचं नाही. उत्तर माहीत असलेल्या माणसाच्या हातून आलेखाचं वाचन नकळत त्या बाजूला झुकतं. इथे तुम्ही फक्त दिसेल ते लिहायचं.

दहाला दिवे मालवतात. तुमची रात्र आता सुरू होते.

पॉलिग्राफचं यंत्र शेजारच्या खोलीत आहे. शाईच्या पेनांची रांग, खालून सेकंदाला 10 मिलिमीटर वेगाने सरकणारा घडीचा कागद. तीस सेकंदांचं एक पान. दहा तासांची बाराशे पानं होतात, लांबी मोजली तर 360 मीटर, आणि ही एका मुलाची एक रात्र. शाई संपत आली की पेन कोरडं खरडतं, तेव्हा तुमची बाटली तयार हवी. कागदाची घडी अडकली तर ती सोडवेपर्यंत गेलेली मिनिटं कायमची गेली. समासात तुम्ही लिहीत राहता: 11.42, कूस बदलली, 12.10, खोकला, 1.25, उठून बाथरूमला गेला, वायरी काढून पुन्हा जोडल्या. सकाळी कुणाला तरी एखादा विचित्र फरकाटा दिसेल आणि तो मेंदूचा होता की कुशीचा, हे फक्त तुमच्या समासातल्या अक्षरांवरून कळेल.

झोप लागताना आधीची बारीक, भरभर रेघ मंदावते. मग मोठ्या, संथ लाटा येतात. लहान मुलांच्या या लाटा इतक्या उंच असतात की पेनं एकमेकांवर आदळतील असं वाटतं. बऱ्याच वेळाने हनुवटीची रेघ सपाट होते, स्नायू सैल पडले, आणि डोळ्यांची पेनं अचानक उलटसुलट उड्या मारू लागतात. स्वप्नांची झोप.

या उड्या बघताना एक मजला खाली उतरा, काळाचा. डिसेंबर 1951, शिकागो विद्यापीठ. युजिन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी एका जुनाट यंत्राला वायरी जोडतोय, आणि वायरींच्या दुसऱ्या टोकाला त्याचा स्वतःचा आठ वर्षांचा मुलगा आहे, आर्मंड. झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांची पेनं उसळतात तेव्हा बापाला आधी यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. 1953 मध्ये असेरिन्स्की आणि त्याचे मार्गदर्शक नथॅनिएल क्लाइटमन यांनी ते जगापुढे मांडलं. त्या प्रयोगशाळेत रात्री जागणारा एक वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याचं नाव विल्यम डिमेंट. झोपेचं आधुनिक विज्ञान एका मुलाच्या पापण्यांपासून सुरू झालं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढची कित्येक वर्षं मात्र मोठ्यांच्याच झोपेचा अभ्यास जास्त झाला.

परत वर या. सकाळचे आठ. मुलं उठतात, नाश्ता करतात, डोक्यावर वायरींची शेपटी घेऊन पत्ते खेळतात. साडेनऊला पुन्हा अंथरूण. शांत पडून राहा, डोळे मिट आणि झोपायचा प्रयत्न कर, एवढंच सांगायचं. वीस मिनिटं थांबायचं. डोळा लागायला किती मिनिटं लागली ती नोंदवायची. मग साडेअकराला, दीडला, साडेतीनला, दर दोन तासांनी तेच. माणसाला ‘झोप आली का’ विचारलं तर तो काहीही सांगतो. अंधाऱ्या खोलीत आडवं केल्यावर मात्र शरीराला खोटं बोलता येत नाही. आज जगभरच्या निद्रा-चिकित्सालयांत हीच चाचणी वापरतात, आणि ती घडवली डिमेंट आणि कारस्केडन यांनीच.

तिच्यात एक नियम आहे जो तुम्हाला जड जातो. पेंग येऊन झोपेची तीन पानं लागोपाठ उमटली की मुलाला उठवायचं. दिवसा झोप साठली तर पुढची चाचणी बिघडते. तुम्ही दार उघडता. तोंड किंचित उघडं, हात उशीखाली. खांद्याला हात लावून नाव घ्यावं लागतं.

खरं तर या पहिल्या उन्हाळ्यात तुम्हाला फारसं उठवावं लागत नाही. दहा-अकरा वर्षांची मुलं वीस मिनिटं छताकडे बघत पडून राहतात. रात्री भरपूर झोपलेल्या या वयाच्या मुलाला दिवसा झोपवणं जवळजवळ अशक्य आहे. इतकी जागी माणसं तुम्ही आयुष्यात पाहिलेली नसतात.

आता उन्हाळे भराभर पुढे जाऊ द्या. त्याच दारातून तीच मुलं येतात, खांदे रुंद झालेले, आवाज फुटलेले. तुम्ही पट्टी लावता तेव्हा स्टूल खाली करावं लागतं. रात्री दहा ते आठ, तेच दहा तास. पानं मोजता. पहिल्या वर्षी सरासरी सव्वानऊ तासांच्या आसपास, आणि आताही सव्वानऊ तासांच्याच आसपास. गरज घटलेली नाहीच. बदललंय ते दुसरं. त्या उंच संथ लाटांची झोप पौगंडावस्था पूर्ण होईपर्यंत सुमारे 40 टक्क्यांनी कमी झालीय. आणि दुपारच्या चाचणीत, जिथे पूर्वी छताकडे बघणं चालायचं, तिथे आता तेवढंच झोपलेलं मूल डुलकी घेतंय. वयात येण्याच्या मधल्या टप्प्यावर ही पेंग दिसू लागते, झोप पुरेशी मिळूनही. तुम्ही दारं उघडत फिरता, खांदे हलवत.

आजूबाजूला बघा. इथे कुणाच्या हातात मोबाईल नाही. दहाला दिवे जातात आणि त्यानंतर करण्यासारखं काही नाही. पोराच्या डोळ्यांवरची झोप दिसली की आपण लगेच मोबाईलचं नाव घेतो. मोबाईलने नुकसान केलंच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण हा कागद त्याच्या आधीचा आहे.

एक उडी आणखी. 1990च्या दशकाचा मध्य, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ऱ्होड आयलंड. कारस्केडन 1985 मध्ये इकडे ब्राउन विद्यापीठात आल्या. त्यांची प्रयोगशाळा ब्रॅडली हॉस्पिटलशी जोडलेली आहे, आणि हे हॉस्पिटल 1931 पासून फक्त मुलांच्या मानसिक आजारांसाठी चालतं. झोप आणि मन इथे एकाच छपराखाली येतात. तुमच्या हातात आता कलोडियनऐवजी गठ्ठा आहे, चार सरकारी हायस्कुलांतल्या 3,120 विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा. एमी वुल्फसन आणि कारस्केडन यांचं हे सर्वेक्षण 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. किती वाजता झोपता, किती वाजता उठता, सुट्टीच्या दिवशी किती. आणि नंतर सहा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांच्या मनाबद्दल: काही करायला अंगात त्राण नसणं, झोप न लागणं, उदास वाटणं, पुढचं काही चांगलं होणार नाही असं वाटणं, ताण, फार काळजी. उत्तराला तीन चौकटी: अजिबात नाही, थोडंसं, खूप.

तुम्ही पानं उलटत आकडे भरत जाता. एका पानावर सहाही ठिकाणी ‘खूप’वर खूण आहे. पेन इतकं दाबून फिरवलंय की मागच्या बाजूला उठाव आलाय. वरच्या पानावर शाळेच्या आदल्या रात्री झोपण्याची वेळ बारा, उठण्याची साडेपाच. या मुलाला किंवा मुलीला नाव नाही, फक्त क्रमांक. सर्वेक्षणातून काय आधी आणि काय नंतर हे ठरत नाही. उदास मुलाला झोप लागत नाही, आणि झोप न झालेलं मूल उदास होतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकमेकांना ओढतात. पण हजारो पानांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कमी आणि अनियमित झोपणाऱ्यांत दिवसाची पेंग जास्त, उदासीही जास्त. सी किंवा त्याखालची श्रेणी मिळवणारे शाळेच्या आदल्या रात्री ए-बीवाल्यांपेक्षा सुमारे 25 मिनिटं कमी झोपतात आणि 40 मिनिटं उशिरा अंथरुणाला पाठ टेकतात. अभ्यासासाठी जागतो म्हणून सांगणाऱ्या घरांनी हा आकडा एकदा नीट वाचावा असं मला कळकळीने वाटतं.

शेजारच्या खोलीत दिवे मंद केलेत. किशोरवयीन मुलं अर्ध्या-अर्ध्या तासाने नळीत थुंकी देताहेत. त्या थुंकीत मेलॅटोनिन हे रात्रीचं संप्रेरक मोजायचं. संध्याकाळी ते चढू लागलं की शरीराची रात्र सुरू झाली. नळीवर वेळ लिहायची, झाकण घट्ट करायचं, शीतपेटीत ठेवायची. कंटाळवाणं काम, पण घरोघरी ज्याला सूर्यवंशी म्हणून टोमणे बसतात त्याची बाजू मांडणारा साक्षीदार या नळीत आहे. वयात येताना शरीराची रात्रच उशिरा सुरू होते. दहा वाजता ‘झोप आता’ म्हटल्याने ती अलीकडे येत नाही.

इथलीच काही मुलं नववीतून दहावीत जाताना शाळेची वेळ 8.25 वरून 7.20 वर आली. मुलं त्याप्रमाणे लवकर उठू लागली, लवकर झोपू मात्र शकली नाहीत. नववीत सरासरी 7 तास 9 मिनिटं असलेली झोप 6 तास 50 मिनिटांवर आली. सकाळी साडेआठला तुम्ही त्यांना तीच जुनी चाचणी देता, शाळेत असते तर पहिले एक-दोन तास संपले असते तेव्हा. डोळा मिनिटांत लागतो, आणि दिवसाच्या चाचण्यांत डोळ्यांची पेनं उसळतात. स्वप्नांची झोप, दिवसाढवळ्या, छोट्याशा डुलकीत. वैद्यकात हे चित्र नार्कोलेप्सी या निद्राविकारात बघायची सवय असते. इथे दहावीतल्या 25 पैकी 12 मुलांमध्ये ते एकदा तरी दिसलं. आजारी म्हणून आणलेलं त्यांच्यात कुणी नव्हतं. त्यांना फक्त शाळेत जायचं होतं.

आता आपल्या काळात या. 2014 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये तसा कायदा केला. 1 जुलै 2022 पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी सुरू होत नाहीत. ज्या राज्यात तुम्ही त्या मुलाच्या डोक्याला चकत्या लावल्या, तिथेच.

महाराष्ट्रात डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळांचा विषय काढला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने सांगितलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगलाच आहे, लहानग्यांची झोप मोडते हे खरं. पण तुम्ही नळ्या हातात धरल्यात, तुम्हाला लगेच कळतं की रेघ नेमकी कुठे ओढली गेली. चौथीतलं मूल अजून पहाटे आपणहून जागं होणाऱ्यांतलं आहे. ज्याचं घड्याळ सरकतं ते आठवी, नववी, दहावीत असतं, आणि सकाळच्या सत्रात सातला प्रार्थनेला उभं असतं. अकरावीत गेलं की कॉलेज सातचं आणि त्यानंतर क्लास. एकाच इमारतीत दोन सत्रं चालतात, बस तीच, वर्ग तेच, म्हणून कुणाला तरी पहाटे उठावं लागतं हे मान्य आहे. मग कुणी उठायचं हा हिशेब तरी मुलांच्या शरीराकडे बघून व्हावा. तो इमारतीच्या सोयीने होतोय आणि त्याची किंमत वर्गात मागच्या बाकावर, आणि त्या सहा प्रश्नांच्या ‘खूप’ चौकटीत, मोजली जातेय.

मुलांच्या झोपेचा हा हिशेब आपल्याकडे मांडायला पॉलिग्राफ लागत नाही. एक साधी निद्रा-डायरी पुरते: अंथरुणाला पाठ कधी टेकली, डोळा अंदाजे कधी लागला, कधी उठलो, आपण उठलो की कुणी उठवलं. दोन आठवडे रोज सकाळी भरायची, रविवारसुद्धा, कारण शाळेच्या दिवसांत किती झोप बुडते याचा अंदाज रविवारवरून येतो. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, मानसशास्त्राचे विद्यार्थी असाल, ही डायरी नववीच्या एका वर्गाला देता येईल. मनाबद्दलचे प्रश्न त्यात घालणार असाल तर आधी शाळेत समुपदेशक आहे का ते विचारा आणि ‘खूप’ची खूण दिसली तर त्याच दिवशी कुणाला कळवायचं ते ठरवा. गोळा केलेली पानं मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवताना वरती रविवार आणि सोमवारच्या उठण्याच्या वेळा शेजारी शेजारी लिहा.