दिव्यामागची पेटी

विजेच्या दिव्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा दिव्यापाशीच थांबतात. कार्बनच्या कांड्या, सोडियमची पिवळी वाफ आणि मग एलईडी, ही वंशावळ आपल्या परिचयाची आहे. दिव्याला आवर घालणाऱ्या यंत्रणेची वंशावळ मात्र फारसे कोणी मांडत नाही. थोड्या विजेत रस्ता उजळण्याची खरी कथा, आमच्या मते, तिच्यातच आहे.

१८७८ साली पॅरिसच्या ऑपेरामार्गावर याब्लोचकोव्हचे आर्क दिवे लागले. आर्कचा प्रकाश प्रखर, पण स्वभाव बेबंद. प्रवाह वाढला की त्याचा विद्युत्‌रोध घटतो आणि प्रवाह आणखीच वाढतो. या बेबंदपणाचा शिस्तशीर अभ्यास इंग्लंडमध्ये हर्था एर्टन यांनी केला. दाब, प्रवाह आणि आर्कची लांबी यांचे नाते त्यांनी समीकरणात मांडले. आर्क फुसफुसतो तो कार्बनच्या खळग्यात ऑक्सिजन शिरल्यामुळे, हेही त्यांनीच दाखवले. त्यांचा 'द इलेक्ट्रिक आर्क' हा ग्रंथ १९०२ मध्ये आला. त्याच वर्षी, विवाहित स्त्री म्हणून, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व नाकारले. (१९०६ मध्ये याच संस्थेने त्यांना ह्यूज पदक दिले!)

आर्कला आवरण्याचा सोपा उपाय म्हणजे ओळीत रोधक जोडणे. पण रोधक वीज जाळूनच प्रवाह रोखतो. प्रत्यावर्ती प्रवाहावर तांब्याच्या तारेचे वेटोळे तेच काम बऱ्याच कमी उष्णतेत करते. मराठीत त्याला 'चोक' हेच नाव रुळले. कोशांतले प्रतिशब्द कोशांतच राहिले. सोडियमच्या दिव्यांनी आपले रस्ते कित्येक वर्षे उजळले, ते या जड, मुक्या चोकच्या आधारावर.

भारतात २०१५ साली राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू झाला आणि सोडियमच्या जागी एलईडी येऊ लागले. एलईडीही आवरावाच लागतो. दाब किंचित वाढला तरी त्यातला प्रवाह भरमसाट वाढतो. शिवाय तापल्यावर तोच प्रवाह त्याहून कमी दाबाला वाहू लागतो. म्हणून त्याला नेमका, स्थिर प्रवाह पुरवणारा 'ड्रायव्हर' लागतो. त्यातला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद राहत असल्याने वीज फारशी वाया जात नाही. चांगल्या ड्रायव्हरमधून नव्वद टक्क्यांहून अधिक वीज दिव्यापर्यंत पोहोचते. रोधकापासून इथवरचा हा प्रवास आम्हांस थक्क करतो.

तरीही एक गोष्ट खटकते. आपल्याकडच्या प्रत्यावर्ती पुरवठ्यात वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. ती पोकळी भरून काढण्यासाठी ड्रायव्हरमध्ये बहुधा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो. त्यातला द्रव उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. एलईडी पन्नास हजार तास टिकण्याजोगा असूनही दिवा विझतो, तो पुष्कळदा या पेटीमुळे. चोक बिघडला तर वायरमन शिडी लावून नवा बसवी. ड्रायव्हर मात्र अनेकदा रेझिनमध्ये गाडलेला असतो. तो उघडणे नाही, दुरुस्त करणे नाही.

उपाय नाहीत असे नाही. फिल्म कपॅसिटर कितीतरी अधिक टिकतो, पण तो आकाराने मोठा आणि महाग. ड्रायव्हरला स्वतंत्र, उघडता येणारा कप्पाही देता येतो. ती जागा आणि तो खर्च मंजूर करायचा की नाही, हे निविदेचा मसुदा लिहिणारा ठरवतो.