एआर-व्हीआर: छोट्या धंद्याला काय उपयोग? पैसे देण्याआधी हे वाचा

दुकानात कपाट पसंत पडतं, टेम्पोत घालून घरी नेलं जातं आणि तिथं कळतं की ते भिंतीच्या कोपऱ्यात बसत नाही. मग परतीचं भाडं कुणी द्यायचं, यावरून वाद. फर्निचरवाल्यांना हा त्रास नवा नाही. तेच कपाट गिऱ्हाइकाच्या खोलीत आधीच मोबाईलवर उभं करून दाखवता येतं. या तंत्राला एआर म्हणतात.

एआर आणि व्हीआर, फरक काय?

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. मोबाईलच्या कॅमेऱ्यात तुमची खरी खोली दिसते आणि तिच्यात नसलेली वस्तू ठेवलेली दिसते. 2016 साली गाजलेला पोकेमॉन गो हा खेळ याच प्रकारातला. 2017 मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने असं अ‍ॅप काढलं. चष्म्याची फ्रेम चेहऱ्यावर लावून दाखवणारी अ‍ॅप्सही हेच करतात.

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. यात डोळ्यांवर हेडसेट चढवावा लागतो. आजूबाजूचं काही दिसत नाही, सगळं जगच संगणकाने तयार केलेलं असतं.

कोणाला उपयोग?

- फर्निचर, दरवाजे, देव्हारे, पाण्याच्या टाक्या: जो माल जागेत मावला पाहिजे, त्याला एआरचा सर्वात जास्त फायदा.
- कृषी पर्यटन, लॉज, मंगल कार्यालय: यांना 360 अंशांचा फोटो पुरतो. बोट फिरवलं की चारही बाजू दिसतात. गूगल मॅप्सवर आपल्या जागेच्या नोंदीत तो टाकता येतो. मात्र जुन्या व्हिडिओंत सांगितलेलं गूगलचं स्ट्रीट व्ह्यू अ‍ॅप 2023 मध्येच बंद झालंय, ते शोधत बसू नका.
- वेल्डिंग, यंत्रदुरुस्तीचं प्रशिक्षण: इथं व्हीआर कामाला येतं. शिकाऊ मुलाचा हात बसेपर्यंत रॉड आणि पत्रा वाया जात नाही, भाजण्याची भीती नसते. पण शेवटी खऱ्या मशीनवर सराव करावाच लागतो. हेडसेटचा खर्चही मोठा, त्यामुळे एकट्या वर्कशॉपपेक्षा प्रशिक्षण संस्थेला तो परवडतो.

किराणा, भाजीपाला, खत-बियाणं विकणाऱ्याला सध्या यावर पैसे घालायची गरज नाही. चांगले फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग पुरेसा आहे.

सुरुवात कशी करायची?

1. सगळ्यात जास्त खपणारी एकच वस्तू निवडा.
2. तिचं थ्रीडी मॉडेल बनवा. वस्तूभोवती फिरून फोटो काढले की मॉडेल तयार करणारी मोबाईल अ‍ॅप्स आहेत. लाकूड, मातीची भांडी यांचं मॉडेल चांगलं येतं. काच, आरसा, चकचकीत स्टील यांचं बिघडतं.
3. माप तपासा. मॉडेलच्या जीएलबी फाईलमध्ये माप मीटरमध्ये असतं. 6 फुटी कपाट 1.83 मीटर भरलं पाहिजे. माप चुकलं तर गिऱ्हाइकाला ते लहान किंवा मोठं दिसेल आणि सगळा खटाटोप उलटा पडेल.
4. अँड्रॉइडसाठी जीएलबी आणि आयफोनसाठी यूएसडीझेड, अशा दोन्ही प्रकारच्या फाईल ठेवा.
5. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा किंवा क्यूआर कोड छापून दुकानात लावा. फाईल शक्यतो 5 एमबीच्या आत ठेवा, नाहीतर गावातल्या रेंजवर ती उघडायलाच वेळ लागतो.

सगळ्या अँड्रॉइड फोनवर एआर चालत नाही. फोनला ‘गूगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर’ची साथ लागते. म्हणून साधे फोटो आणि लांबी-रुंदी-उंची सोबत द्याच. अंधाऱ्या खोलीत किंवा चकचकीत फरशीवर फोनला जमीन नीट ओळखता येत नाही, वस्तू हलल्यासारखी दिसते. त्यामुळे ऑर्डर पक्की करण्याआधी टेपने माप घेणं सोडू नका.

एजन्सीला काम देताना काय विचाराल?

- मॉडेलची मूळ फाईल माझ्या ताब्यात मिळणार का?
- पैसे एकदाच द्यायचे की दर महिन्याला? महिन्याचे बंद केले तर लिंक चालू राहील का?
- गिऱ्हाइकाला वेगळं अ‍ॅप डाऊनलोड करावं लागेल का? लागणार असेल तर बरेच जण तिथंच सोडून देतात.
- माझ्या स्वतःच्या फोनवर, माझ्या दुकानात आत्ता चालवून दाखवता का?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इन्स्टाग्राम-फेसबुकवर धंदेवाल्यांनी बनवून घेतलेले एआर फिल्टर मेटा कंपनीने 14 जानेवारी 2025 पासून बंद केले. ज्यांचं सगळं काम त्या फिल्टरवरच होतं, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मूळ फाईल हातात असेल तर तेच मॉडेल दुसरीकडे लावता येतं.

एका वस्तूवर दोन-तीन महिने करून बघा. किती जणांनी लिंक उघडली, त्यातल्या किती जणांनी ऑर्डर दिली आणि किती माल परत आला, हे वहीत लिहून ठेवा. परत येणारा माल कमी झाला, तरच दुसऱ्या वस्तूचं मॉडेल बनवा.