हळद लागण्याची घाई

वसमतच्या बाजारात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते आणि हिंगोली जिल्ह्याचं नाव लांबवर जातं. इथल्या मुलींच्या अंगालाही हळद लवकर लागत आली. गरिबी, हुंडा, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं ही कारणं आहेतच. आणखी एक कारण गावात दबक्या आवाजात सांगितलं जातं : ‘पोरीच्या मागं कुणीतरी लागलंय.’

शारदा कायदा 1929 चा. मुलीच्या लग्नाचं किमान वय त्याने 14 ठरवलं, पण ते ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. 1948 मध्ये निजामाची राजवट संपली, 1978 मध्ये वय 18 झालं, 1999 मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. घाई मात्र सरली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयोगटातल्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण राज्यात जवळपास 22 टक्के निघालं. शेजारच्या परभणीत ते 48 टक्के होतं.

‘मागं लागण्या’ला वर्तमानपत्रांनी बरीच वर्षं एक मवाळ नाव दिलं होतं : एकतर्फी प्रेम. 30 मार्च 1990 रोजी उल्हासनगरात दहावीची परीक्षा चालू असताना एक तरुण साथीदारांसह वर्गात घुसला आणि त्याने एका विद्यार्थिनीला जाळून मारलं. 1998 मध्ये सांगलीत एका महाविद्यालयीन तरुणीचाही मागं लागलेल्या तरुणाने जीव घेतला. महाराष्ट्र हादरला, मोर्चे निघाले. तरी पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरायला 2013 उजाडावं लागलं.

तोवर खेड्यापाड्यांतल्या आईबापांनी आपला उपाय शोधला होता. मुलाला जाब विचारण्यापेक्षा मुलीची शाळा बंद करणं सोपं. मग एखादं स्थळ, घाईची सुपारी, अंगाला हळद. पोराचा त्रास थांबतो, आणि सासरी तिच्यावर कुणी हात उगारला तर तो ‘घरातला मामला’ होतो.

ज्या मुलीने स्वतःहून एखाद्या मुलाशी मैत्री केली, तिची अडचण याहून अवघड. तो फोनचा पासवर्ड मागतो, मैत्रिणींशी बोलू देत नाही, चिडला की थोबाडीत मारतो, सोडून जाते म्हटलं की फोटो गावभर करण्याची धमकी देतो. हे घरी सांगायचं तर आधी प्रेमाची कबुली द्यावी लागते. कबुली दिली की फोन जातो, पाठोपाठ शाळाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलामुलींच्या लैंगिक संबंधांत संमतीला अर्थ ठेवला नाही. त्यामुळे पोलिसांचं नाव काढलं तरी तिला धडकी भरते. ती गप्प बसते.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्नही जुने आहेत. मराठवाड्यातच पैठण तालुक्यातल्या पाचोडला 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले. रोज संध्याकाळी तासभर, वर्षभर. गावातल्याच बाया शिकवायच्या. विषय आरोग्य, कायदा, बँकेचे व्यवहार. काही वर्षांतच तिथलं लग्नाचं मध्यम वय 16 वरून 17 वर गेलं. एक वर्ष ऐकायला थोडं वाटतं. पंधरा-सोळाच्या मुलीला तेवढ्यात दहावीचा निकाल हाती घेता येतो.

मुंबईत सुरुवात पुरुषांपासून झाली. बायकोला मारणं ज्यांना मान्य नाही, अशा पुरुषांना पुढे येण्याचं आवाहन 1991 मध्ये एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून केलं. 205 जणांनी प्रतिसाद दिला. त्यातून 1993 मध्ये ‘मावा’ ही संघटना उभी राहिली. पुढे तिने महाविद्यालयीन मुलांशी बोलायला घेतलं : नकार पचवायचा कसा, मत्सराला प्रेम का म्हणायचं नाही.

राज्य सरकारने 2022 मध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितल्या. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा फोन क्रमांकही आहे. आठवी ते बारावीच्या मुलींना गावातून शाळेत नेणाऱ्या ‘मानव विकास’च्या निळ्या एसटी हिंगोलीच्या रस्त्यांवर धावतात. या गाडीत मैत्रीण शेजारी असते, घरचं कुणी नसतं. मनातलं पहिल्यांदा बोललं जातं ते बहुधा इथेच, दोन थांब्यांच्या मधे. मैत्रिणीने ते ऐकून पुढे कुठल्या बाईंकडे जायचं, हे दोघींना ठाऊक असेल तर दुसऱ्या दिवशीही ती याच गाडीत चढते.